इटलीतील बोलोन्या शहरातील खाद्यफेरी आणि पास्ता वर्ग : सदस्यांसाठी सूचना

नमस्कार मंडळी,

शनिवारी सकाळी ९.३० वाजता पियाझ्झा माज्जोरे या मुख्य चौकाशेजारच्या नेपच्यूनच्या कारंज्यापाशी जमायचे आहे. तिथून क्वाद्रिलातेरोच्या अरुंद गल्ल्यांत चालत जाऊ. हा मध्ययुगापासूनचा बाजार आहे आणि बोलोन्या समजून घ्यायचे तर सुरुवात इथूनच करावी, असे मला मनापासून वाटते. चवी बऱ्याच घ्यायच्या आहेत, त्यामुळे नाश्ता हलकाच करा. पाऊस आला तरी फेरी होईल, कमानींचे छत जवळजवळ सगळीकडे आहे.

शाकाहारी सदस्यांनी कृपया नीट वाचावे. मोर्तादेल्ला हे सॉसेज डुकराच्या मांसाचे असते. तोर्तेल्लिनी या छोट्या भरलेल्या पास्त्याच्या सारणातही तेच मांस असते आणि ते मांसाच्या रश्शात वाढतात. पार्मिजानो रेज्जानो चीजसाठी वासराच्या पोटातले रेनेट (दूध गोठवणारे द्रव्य) वापरतात, म्हणून ‘नुसते चीज आहे’ म्हणून खाऊ नका. रिकोत्ता हे मऊ चीज भरलेले तोर्तेल्लोनी (आकाराने मोठे तोर्तेल्लिनी) मिळतात, पण त्यातही बहुधा पार्मिजानो असतेच. आधी विचारा.

दुपारी ३ वाजता पास्ता वर्ग. १०० ग्रॅम मैद्याला एक अंडे, हे तिथले प्रमाण. अंडे न खाणाऱ्यांसाठी वेगळी कणीक मळायची विनंती करता येईल, मात्र आधी कळवावे लागेल. हातभर लांब लाटण्याने पारी लाटून ताल्यातेल्ले, म्हणजे पास्त्याच्या लांब पट्ट्या, कापायला शिकू. शिजल्यावर पट्टी ८ मिलिमीटर रुंद हवी, अशी नोंद १९७२ मध्ये तिथल्या व्यापारी मंडळात झाली आहे!

आहार आणि ॲलर्जी बुधवारपर्यंत ग्रुपवर कळवा. आरामदायक बूट घाला.