बाबा, हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवा

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न. वि. वि.

रोज फोन होतोच मग पत्र कशाला, असं आई म्हणणार. फोनवर तू "मी बरी आहे" म्हणून लगेच बाबांकडे देतेस, म्हणून लिहितेय. आणि बाबा, आईच्या चष्म्याचा नंबर बदललाय तेव्हा तुम्हीच मोठ्याने वाचायचंय, मधलं काही गाळायचं नाही, पुढे तुमच्याबद्दल आहे ते तर अजिबात नाही.

मागच्या महिन्यात आले होते त्या दुसऱ्या रात्रीचं सांगते. अडीच वाजले असतील, पाऊस पत्र्यावर वाजत होता, पाणी प्यायला उठले तर आई अंधारात स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेली, तोंडावर मोबाईलचा उजेड. मी म्हटलं काय गं, तर म्हणाली "आयर्विनला एकतीस फूट झालंय". एकतीस! आपल्या सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी इशारा पातळी चाळीस, धोका पंचेचाळीस, हे तूच मला शाळेत असताना शिकवलंस. मी सहज तिचं मनगट धरलं आणि गप्प झाले. ठोके मिनिटाला ११२. बसल्या जागी. हात गार, खांदे कानापर्यंत चढलेले.

मी त्या रात्री काही बोलले नाही कारण बोलले असते तर तू "तुला काय कळतंय" म्हणाली असतीस, आणि खरंय, २०१९ च्या पुरात मी तिथे नव्हते. पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं तेव्हा मी पुण्यात टीव्हीसमोर बसून तुमचा फोन लावत होते आणि लागत नव्हता. तुम्ही मात्र गच्चीवर, आणि नंतर बोटीत बसायची वेळ आली तेव्हा ब्रह्मनाळ गावात पुरातून लोकांना काढणारी बोट उलटल्याचं कानावर आलेलं. मग २०२१ ला पुन्हा तेच. घर दोनदा धुतलं, भिंतींना रंग दिला, गाळ गेला, पण तुझ्या अंगातून तो गेलाच नाही आई.

आता हे जरा डॉक्टरी वाटेल पण ऐका, कारण बाबा सारखे "मनाला लावून घेऊ नको" म्हणतात आणि त्याचा काडीचा उपयोग का होत नाही ते यात आहे. डोक्याच्या आत खोल हायपोथॅलॅमस म्हणून बारकीशी जागा आहे. धोका दिसला की तिथून नसांवाटे सरळ निरोप जातो तो अ‍ॅड्रिनल ग्रंथींना, त्या दोन्ही किडन्यांवर टोपी घातल्यासारख्या बसलेल्या असतात. त्यातून अ‍ॅड्रिनलीन सुटतं, हृदय जोरात पळायला लागतं, लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडतं, स्नायू आवळतात, आणि पोटाचं काम मागे पडतं, कारण पुरात कोण जेवायला बसणारे. म्हणून तुला पावसाळ्यात घास उतरत नाही, तोंड कोरडं पडतं. मागोमाग दुसरा निरोप रक्तातून जातो, तो कॉर्टिसोल सोडायला लावतो, त्याचा असर जास्त वेळ राहतो. हे सगळं पळायला किंवा लढायला म्हणून असतं. पाणी उंबऱ्याला लागलं की उपयोगी. पण शरीराला उंबऱ्यावरचं पाणी आणि व्हॉट्सॲपवरचा आकडा यातला फरक कळत नाही ना. कोयना धरणातून विसर्ग वाढवला असा मेसेज आला की तू स्टुलावर बसलेली असतेस आणि अंग गच्चीकडे पळत असतं.

एक गोष्ट आधीच सांगते. तुझी भीती खोटी नाही. २०१९ ला घराचे कागद, पासबुकं, बाबांचं पेन्शनचं सगळं प्लास्टिकच्या पिशवीत भरून सगळ्यांच्या आधी वर नेलंस ते तूच, तेव्हा बाबा "एवढं काय येतंय पाणी" करत बसले होते. (बाबा, वाचा.) म्हणून मी तुला घाबरू नको असं म्हणतच नाहीये. अंग घाबरतं तसं परत निवायला पण पाहिजे, ते निवणं तुझं बंद पडलंय, एवढंच.

हृदयाला हुकूम देता येत नाही. शांत हो म्हटलं की ते उलट अजून धडधडतं. पण श्वास, स्नायू आणि कातडी यांच्यावर आपला हात चालतो आणि तिथून निरोप उलटा वर जातो. मेंदूतून निघून मान, छाती, पोट असा खाली उतरणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू आहे, तो हृदयाला ब्रेक लावतो. श्वास सोडताना हा ब्रेक जरा दाबला जातो, आत घेताना सुटतो. खोटं वाटत असेल तर बाबांनी आत्ताच आईचं मनगट धरून बघा, सावकाश श्वास सोडताना ठोके किंचित मंदावलेले लागतात कधीकधी, मात्र आपल्या वयात तो फरक कमी जाणवतो, माझ्याही आता फारसा नाही. म्हणून सोडायचा श्वास घ्यायच्या श्वासापेक्षा लांब ठेवायचा, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. चक्कर आली तर सोडून द्यायचं, जोर नाही लावायचा.

आणि हे तुझ्या माळेतही आहे हं. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी माळेवरची ख्रिस्ती प्रार्थना आणि मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला तर तो आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आलेला. आता तू हसशील. पण तू जप करतेस तो ही सांगली-पुणे एसटी सुटायची असल्यासारखा, एकशे आठ कधी संपतात आणि कुकर कधी लावते असं. सावकाश कर, निम्मेच झाले तरी चालतील, देव मोजत नाही.

शवासनाचं बाबांसाठी लिहिते कारण तुम्हाला मुंबईचे जुने डॉक्टर म्हटलं की पटतं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. के. के. दाते, हृदयरोगतज्ज्ञ, त्यांनी १९६९ ला बीपीच्या ४७ पेशंटना शवासन करायला लावून काय झालं ते छापलंय, बऱ्याच जणांचं बीपी उतरलं, काहींच्या गोळ्या कमी करता आल्या. अभ्यास छोटा आहे, जुना आहे, म्हणून आईने उद्यापासून गोळी बंद करायची नाही, हे दोनदा वाचा. पण निजून अंग सैल सोडणं म्हणजे आळस नाही हे तेव्हा केईएममध्ये मोजून झालंय. आईला जमिनीवरून उठताना गुडघा त्रास देतो तेव्हा खाटेवरच, गुडघ्याखाली उशी. नुसतं "सैल सोड" म्हणून सुटत नाही, मी फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये रोज बघते, लोकांना खांदा आवळलाय हेच माहीत नसतं. म्हणून आधी मुठी पाच मोजेपर्यंत आवळायच्या मग एकदम सोडायच्या, मग खांदे, मग पाय. शिकागोच्या जेकबसन नावाच्या डॉक्टरांनी शंभर वर्षांपूर्वी असंच शिकवायला सुरुवात केली, आवळून सोडलं की सैल म्हणजे काय ते कळतं. मात्र बीपी असताना जोरात नाही आवळायचं आणि श्वास तर अजिबात कोंडायचा नाही.

आता मुद्द्याचं. आई, तू आयुष्यभर तेल लावलंस. आम्हा दोघांच्या डोक्याला दर शनिवारी, आजीच्या गुडघ्यांना ती जाईपर्यंत, दादाच्या बाळाला तर तू टाचांवर निजवून रोज, आणि दिवाळीच्या पाडव्याला बाबांना. बाबा पाटावर बसतात, अंगभर तेल, उटणं, मग ओवाळणीत पाकीट टाकतात. मी त्या रात्री तुझी मान धरली तेव्हा मला धक्का बसला, दोरी पिळावी तशी ती पिळलेली होती. मी दिवसाला दहा-बारा लोकांच्या मानेला हात लावते आणि तुझ्या मानेला शेवटचा कधी लावला ते मला आठवेना. तुला शेवटचं कोणी तेल लावलं? मी होताना बाळंतीण होतीस तेव्हा बहुतेक. माझं वय आता चाळीसच्या पुढे आहे.

तर बाबा, रोज रात्री दहा मिनिटं तुम्ही आईच्या पायांना तेल लावायचंय. थांबू नका, वाचत राहा. आई आत्ता "अगं काहीतरीच काय, मला पाप लागेल" म्हणाली असणार. आई, नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावला की पाप आणि बायकोने पन्नास वर्षं पाय चेपले की पुण्य, हा हिशोब कोणी लावला मला माहीत नाही. तुझा खुब्याचा एक्सरे काढताना टेक्निशियनने पाय धरून सरळ केलेच ना, तेव्हा पाप लागलं नाही.

कसं करायचं ते सांगते. आजीची काशाची वाटी आहे ती वापरायला हरकत नाही, तळपायाला खोबरेल किंवा तूप लावून हलक्या हाताने फिरवायची. तळवा काळा होईल, मग कोपऱ्यावरच्या वहिनी "बघा किती उष्णता निघाली" म्हणतील, म्हणू द्या. काशात तांबं असतं, तेलाबरोबर घासलं की काळा राप येतो, आईची उष्णता वगैरे काही त्यात नाही. तरी बरं वाटतं ते खरं.

पण वाटीपेक्षा हात महत्त्वाचा, त्यातही सावकाश हात. कातडीत अशा बारीक नसा आहेत ज्या फक्त हळुवार, कोमट स्पर्शालाच जाग्या होतात, स्वीडनच्या गोटेनबर्गमध्ये त्यांच्यावर बरंच काम झालंय. हात सेकंदाला साधारण तीन सेंटिमीटर सरकला की त्या सगळ्यात खूश. म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंत यायला दहा-बारा सेकंद लागले पाहिजेत, बाबा, दहा-बारा. तुमचा हात मला माहितीये, सायकलची चेन पुसल्यासारखा चालतो. तळहातापेक्षा या नसा हातावर, नडगीवर, पाठीवर जास्त, म्हणून तळव्यावर जरा दाब द्या आणि नडगीवर नुसता हात सरकवा. मालिश केलं की कॉर्टिसोल धाडकन उतरतं असं जिकडेतिकडे लिहिलेलं असतं, ते तितकंसं खरं नाही, सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तर तो फरक फार छोटा निघाला. धाकधूक कमी होते याचा पुरावा मात्र जास्त बरा आहे. मला तेवढं पुरे.

आता फिजिओ म्हणून दरडावून सांगते. आईच्या डाव्या पायाच्या फुगलेल्या निळ्या शिरांवर दाब द्यायचा नाही. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, लाल झाली, गरम लागली तर तेल ठेवून द्या आणि डॉक्टरकडे जा, गुठळी असेल तर चोळून ती सुटते. गळ्याच्या पुढच्या बाजूला, नाडी लागते तिथे, कधीही चोळायचं नाही, या वयात त्याने चक्कर येते, त्याहून वाईटही होऊ शकतं. मान चोळायची ती मागून, कटकट आवाज काढायच्या भानगडीत न पडता, कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याकडूनही नको. आणि तेल पुसल्याशिवाय आईने फरशीवर पाय टेकायचा नाही, माझ्याकडे येणारे निम्मे खुबे बाथरूममधूनच येतात. बाबा, तुमच्या पायांना आईने लावायला हरकत नाही पण तुम्हाला शुगर आहे, तेव्हा आधी दिव्याखाली तळवे बघायचे, चीर आहे का, आणि बोटांच्या बेचक्यात तेल ठेवायचं नाही. शेकायचं पाणी आईने कोपराने तपासायचं, तुमच्या पायाला चटका कळत नाही.

मोबाईलचं पण ठरवून टाकू. पाण्याचे ग्रुप आईच्या फोनवर म्यूट, आकडा बघायचा तो बाबांनी, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, आणि अडतीसच्या वर गेला तर आईला आपणहून सांगायचं. लपवायचं नाही. लपवलंत हे तिला कळलं की ती परत रात्री स्टुलावर. त्या प्लास्टिकच्या पिशवीत कागद भरून कपाटाच्या वरच्या कप्प्यात आत्ताच ठेवून द्या, तयारी झालेली दिसली तरी तिचं अर्धं काम होईल.

आणि हे सगळं करून पण महिन्याभरात झोप नाही लागली, पुराची स्वप्नं पडतच राहिली, तर मी येते आणि आपण मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊ. बाबा, तोंड वाकडं करू नका. पुरानंतर टायफॉइडच्या भीतीने सगळ्यांनी डॉक्टर गाठलाच होता की.

डॉक्टरकडे बीपी १६४ आणि घरी १३२ येतं त्यावरूनही भांडू नका, दोन्ही खरं असू शकतं, काहींचं डॉक्टरचा कोट बघून चढतं. घरी पाच मिनिटं टेकून बसून, पाय जमिनीवर, गप्प राहून मोजा आणि वहीत लिहा, वही घेऊनच पुढच्या वेळी जा. मोजताना बाबांनी राजकारणावर बोलायचं नाही.

काशाची वाटी स्वयंपाकघरात वरच्या फळीवर पुरणयंत्राच्या मागे आहे, पितळी डब्यात, मी परवा बघून आले. आधी चिंचेने घासून घ्या. रविवारी मी व्हिडिओ कॉल करणार आहे, आई नाही, बाबाच उचलणार, आणि कॅमेरा पायांकडे करायचा.

तुमची,
ताई