टेंडर बिलो गेले, पण रस्ता किती जाड झाला?

महोदय,

महापालिकेच्या एखाद्या रस्त्याचे किंवा पदपथाचे टेंडर पंचवीस-तीस टक्के बिलो, म्हणजे इस्टिमेटपेक्षा तेवढ्या कमी रकमेत, गेले आणि पालिकेचे इतके लाख वाचले, अशी बातमी अधूनमधून वाचायला मिळते. तिच्यावर दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक, स्पर्धा झाली म्हणून समाधान. दुसरी, एवढ्या कमी दरात काम कसले होणार, ही शंका. दोन्हींचे लक्ष त्या टक्क्यांवरच असते. आमच्या मते कामाचे बरेवाईट ठरते ते टेंडरच्या आधी, इस्टिमेट लिहिताना, आणि टेंडरनंतर, मोजमाप पुस्तिका भरताना. या पुस्तिकेलाच पालिकेत एमबी म्हणतात. टेंडर हा या दोहोंमधला त्यातल्या त्यात उजेडातला टप्पा आहे. दोन लिफाफे, बयाणा रक्कम, ऑनलाइन उघडलेले दर हे सगळे तिथे दिसते. आधीचे आणि नंतरचे कोणी पाहत नाही.

इस्टिमेटपासून सुरुवात करू. बाबींचे दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतून घेतले जातात आणि ते छापील असतात, त्यामुळे तिथे फारशी गडबड करता येत नाही. गडबडीला जागा असते ती परिमाणात आणि लीडमध्ये, म्हणजे माल वाहून आणायच्या अंतरात. मुरूम किती किलोमीटरवरून येणार, खोदाईत माती किती, कठीण मुरूम किती, खडक किती, पाणी उपसावे लागणार का, हे सगळे कनिष्ठ अभियंता टेबलावर बसून लिहू शकतो. खोदाई एकदा झाली आणि चर भरला की तिथे खडक होता की माती, हे कोणाला सांगता येणार? म्हणून कामाआधी दर दहा मीटरवर लेव्हल घेणे, म्हणजे जमिनीची उंची मोजून ठेवणे, आणि खोदलेल्या चराचे पट्टी लावून फोटो काढणे, एवढी साधी गोष्ट इस्टिमेटइतकीच महत्त्वाची ठरते. परिमाणे मुळातच दहा-पंधरा टक्के सैल धरलेली असतील, तर वीस टक्के बिलोतली जवळपास निम्मी किंवा त्याहून अधिक बचत कागदावरचीच असते.

दुसरी मेख टेंडरच्या नमुन्यात आहे. आपल्याकडे बी-1 आणि बी-2 असे दोन नमुने प्रामुख्याने चालतात. बी-2 मध्ये ठेकेदार प्रत्येक बाबीला वेगळा दर देतो. बी-1 मध्ये सगळ्या इस्टिमेटला मिळून एकच टक्केवारी भरायची असते, आणि प्रभागातली छोटी कामे बहुतेक याच नमुन्यावर निघतात. पंचवीस टक्के बिलो भरले की ती कपात खोदाईलाही लागते, मुरूम भरावालाही लागते आणि डांबराच्या थरालाही लागते. खोदाई आणि भराव त्या दरात सुटतात, म्हणजे परवडतात, डांबर सुटत नाही. मग काम सुरू झाल्यावर हळूहळू काय होते, तर सुटणाऱ्या बाबींची परिमाणे वाढतात आणि न सुटणाऱ्या घटतात. परिमाण पंचवीस टक्क्यांपर्यंत वाढले तरी जुन्याच दराने काम चालू राहते, त्यामुळे फार प्रश्न विचारले जात नाहीत. एकूण बिल मंजूर रकमेतच बसते आणि हिशेब तपासणाऱ्यालाही सगळे जागच्या जागी दिसते. रस्त्यावर मात्र भराव जास्त आणि डांबर कमी पडलेले असते. वर एखादी 'जादा बाब', म्हणजे इस्टिमेटात नसलेले काम, मंजूर करून घेतली की राहिलेला तोटाही भरून निघतो.

जाडीचा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल. 400 मीटर लांब, 6 मीटर रुंद रस्त्यावर 50 मिलिमीटरचा डांबरी काँक्रीटचा थर द्यायचा आहे. क्षेत्रफळ 2400 चौरस मीटर, घनफळ 120 घनमीटर. दाबून बसलेल्या मालाचे वजन घनमीटरला सुमारे 2.35 टन धरले, तर माल लागतो 282 टन. हाच थर 40 मिलिमीटरचा टाकला तर लागतात जेमतेम 226 टन. डोळ्याला न दिसणाऱ्या एका सेंटिमीटरात 56 टन माल, म्हणजे 18 टनी तीन डंपर वाचतात. पन्नासच्या जागी चाळीस हे चालताना कळत नाही, गाडीवरून कळत नाही आणि उद्घाटनाच्या फोटोत तर मुळीच नाही. ते कळायला दोनच वाटा आहेत. हॉटमिक्स प्लांटवरून आलेल्या प्रत्येक डंपरचे वजनाचे चलन गोळा करून बेरीज करणे, किंवा थर गार झाल्यावर कोअर, म्हणजे यंत्राने कापलेला गोल नमुना, काढून जाडी मोजणे. दोन्ही बिल निघण्याआधी करायच्या गोष्टी आहेत. कोअर कुठे काढायचा हे ठेकेदाराने सांगायचे नसते, आणि नेमके तेच होते. रस्त्याच्या मधोमध थर बहुधा भरलेला असतो, तो पातळ होतो कडेला, पाणी वाहून नेणाऱ्या चॅनलच्या बाजूला.

टॅक कोटची गोष्ट याहून बारीक. जुन्या डांबरी पृष्ठावर नवा थर चिकटावा म्हणून चौरस मीटरला 0.20 ते 0.30 किलो इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेले पातळ डांबर, फवारायचे असते; हाच टॅक कोट. वरच्या रस्त्याला 480 ते 720 किलो, म्हणजे तीन-चार पिंपे. फवारले तेव्हा ते तपकिरी असते. त्यातले पाणी सुटून ते काळे झाले की मगच माल टाकायचा. प्रत्यक्षात कित्येकदा रस्ता नीट झाडलेलाही नसतो. डब्याला भोके पाडून हाताने दोन-चार रेघा ओढतात आणि तपकिरी रंग जायच्या आत माल पसरणारे यंत्र, पेव्हर, पुढे सरकतो. पहिल्या पावसात पापडाचा पदर सुटावा तसा थर सुटतो तो यामुळे, आणि दोष जातो पावसाला. मालाचे तापमानही तसेच. व्हीजी-30 या प्रतीच्या डांबराचा माल पसरताना किमान 140 अंश सेल्सिअस हवा आणि रोलिंग 90 अंशांच्या खाली जाऊ द्यायचे नाही. डंपर वाहतुकीत अडकला, माल गार झाला, तर तो परत पाठवायचा असतो. परत पाठवलेला डंपर कोणी पाहिला आहे का? साइटवरच्या अभियंत्याच्या हातात थर्मामीटर नसेल, तर गार माल आणि गरम माल काळ्या रंगाला सारखेच.

आता रोज पायाखाली येणारी गोष्ट, चेंबर. मलवाहिनीची चेंबर साधारण तीस मीटरच्या आत एक असतात, म्हणजे 400 मीटरच्या रस्त्यात तेरा-चौदा. त्यात पावसाळी वाहिनीची, पाण्याच्या व्हॉल्व्हची आणि केबलची झाकणे मिळवा. रस्ता 50 मिलिमीटरने उचलला की ही सगळी तेवढीच खड्ड्यात जातात. ती उचलण्याची पद्धत ठरलेली आहे. फ्रेम मोकळी करायची, खाली काँक्रीटचा कॉलर द्यायचा, रस्त्याच्या उताराला दोरी धरून झाकण बसवायचे आणि काँक्रीट पुरेसे कडक होईपर्यंत बॅरिकेड ठेवायचे. आपल्याकडे दोन विटा, थोडा मसाला, आणि त्याच रात्री वाहतूक. आठवड्याभरात झाकण खडखडायला लागते. कारण साधे आहे. बऱ्याच इस्टिमेटांत 'चेंबर लेव्हलला आणणे, नग 14' अशी बाबच नसते. ज्याचे पैसे नाहीत ते काम ठेकेदार पदरमोड करून कशाला करील? आणि चेंबर मलनिस्सारण विभागाचे, रस्ता पथ विभागाचे, म्हणून ते कोणाच्याच यादीत येत नाही. जुना थर आधी मिलिंग करून, म्हणजे यंत्राने खरवडून, काढला तर झाकणे उचलायचा प्रश्नच बराचसा मिटतो आणि रस्ता दुकानांच्या उंबऱ्यावर चढत जाणेही थांबते. मिलिंगही इस्टिमेटात आधीच लिहावे लागते.

काँक्रीट रस्ता टिकतो हे खरे, पण तो निगुतीने केला तर. पहिल्या दिवशीच ठरलेल्या अंतरावर जॉइंटच्या खाचा कापल्या नाहीत तर स्लॅब स्वतःच हवा तिथे तडकून घेतो. पाणी किमान चौदा दिवस मारायचे असते, आणि गोणपाट अंथरून ते ओले ठेवणारा माणूस नेमावा लागतो. ताकद तपासायला भरलेले काँक्रीटचे ठोकळे, म्हणजे क्यूब, तर हमखास पास होतात, कारण ते निवडक मालाचे भरता येतात. शंका असली की कोअर काढावेत. तीन कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या 85 टक्के आणि एकही 75 टक्क्यांखाली नाही, हा आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाचा निकष आहे. त्यावर वाद घालायला फारशी जागा उरत नाही.

पैशाचे वेळापत्रकही या सगळ्याला जबाबदार आहे. अंदाजपत्रक 1 एप्रिलपासून लागू होते. त्यानंतर इस्टिमेट, तांत्रिक मान्यता, टेंडर, स्थायी समिती, कार्यादेश, असे करत पावसाळा येतो. मग गणपती, दिवाळी. कामे निघतात डिसेंबर-जानेवारीत आणि बिले मात्र 31 मार्चच्या आत हवीत, नाहीतर तरतूद बुडेल ही भीती. त्या घाईत जो रस्ता होतो तो असाच होणार. इस्टिमेट आणि तांत्रिक मान्यता जानेवारी ते मार्चमध्येच उरकली, टेंडर पावसाळ्यात काढले आणि पाऊस ओसरताच कार्यादेश दिला, तर कामाला सात-आठ महिन्यांचा कोरडा हंगाम मिळतो. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. लोकनियुक्त सभागृह असो की 2022 नंतर मुंबई-पुण्यासह बहुतेक शहरांत आला तसा प्रशासक असो, या क्रमात फरक पडलेला नाही. एकाच रस्त्याचे तीन तुकडे पाडून तीन छोटी कामे दाखवणे आणि दरवर्षी येणाऱ्या पावसाच्या नावाखाली 'तातडीचे' म्हणून टेंडरविना काम देणे, ही याच घाईची पोटची अपत्ये. आणि ठेकेदाराची बाजूही मांडली पाहिजे. ज्या पालिकेत बिल वेळेवर निघत नाही, तिथे चांगला ठेकेदार टेंडरच भरत नाही. भरतो तो उशिराचे व्याज मालातून काढणारा.

एमबी ही साधी छापील वही. ठेकेदाराला मिळणारा जवळपास प्रत्येक रुपया तिच्यातल्या लांबी, रुंदी, जाडी अशा तीन आकड्यांच्या गुणाकारातून निघतो. नोंद कनिष्ठ अभियंता करतो आणि वरचा अधिकारी तपासून सही करतो. तपासणी साइटवर झाली की केबिनमध्ये, हे पानावरून कळत नाही. त्रयस्थ तपासणी संस्था नेमली तरी तिचा अहवाल आणि एमबी कोणी शेजारी ठेवून वाचत नाही. अहवालात कोअरची जाडी 43 आणि एमबीत 50 असेल तर बिल 50 चेच निघू शकते.

म्हणून आमची मागणी छोटी आहे. कामाच्या ठिकाणी लागणाऱ्या फलकावर कामाचे नाव, रक्कम आणि लोकप्रतिनिधींची नावे असतात. त्यासोबत थरांच्या जाडीचा एक छेद, चेंबरची संख्या, ठेकेदाराचे नाव आणि दोषदायित्व कालावधी (ज्यात बिघाड ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा तो काळ) कोणत्या तारखेला संपतो, एवढे लिहावे. अंतिम बिल मंजूर करण्याच्या किमान पंधरा दिवस आधी इस्टिमेट, एमबीची पाने, वजनाची चलने आणि चाचणी अहवाल संकेतस्थळावर टाकावेत. स्कॅनरखाली ठेवायला जेवढा वेळ लागेल तेवढाच खर्च.

पालिका हे आपणहून करीपर्यंत नागरिकांच्या हातात माहिती अधिकार कायदा आहे. 2005 च्या या कायद्याच्या कलम 2 मध्ये कागदांच्या प्रती मिळण्याबरोबर कामाची पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे, हेही अधिकारात मोडते. याचा वापर फारच कमी होतो. अर्जात 'रस्त्याच्या कामाची सर्व माहिती' असे मोघम लिहू नये, उत्तरही तसेच मोघम येते. कार्यादेश क्रमांक घालून अमुक बाबीची एमबीतील पाने, त्या तारखांची चलने आणि कोअर अहवाल मागावेत, आणि पाहणीची तारीख मागावी.

शेवटचा मुद्दा दोषदायित्वाचा, कारण पालिकेचा बराच पैसा इथे गळतो. कालावधी चालू असताना पडलेला खड्डा ठेकेदाराने स्वखर्चाने बुजवायचा असतो आणि तोवर त्याची सुरक्षा ठेव पालिकेकडे असते. पण तोच रस्ता पाण्याच्या किंवा केबलच्या कामासाठी खोदला गेला की ठेकेदार हात वर करतो आणि त्याचे म्हणणे चूक नसते. खोदाईची परवानगी देणाऱ्या टेबलावर दोषदायित्वातल्या रस्त्यांची यादीच नसते. ती यादी, रस्त्याचे नाव आणि संपण्याची तारीख अशा दोन रकान्यांची, प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात भिंतीवर लावावी. आणि ठेव परत करण्याआधी रस्त्याची संयुक्त पाहणी त्या प्रभागातल्या नागरिकांना तारीख कळवून करावी, शक्यतो पावसाळा संपल्यानंतरच्या आठवड्यात.

– नागरी कामांचे जाणकार काही वाचक