जुना पेलेट स्टोव्ह घेताय? आधी पेटवून दाखवायला सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातल्या थंडीवर तुमच्या पेपरात जो लेख आला होता तो इथे आमच्या मराठी ग्रुपवर अजून फिरतोय. लेख बरा होता पण त्यात एका ओळीत ठोकून दिलंय की सेकंडहँड पेलेट स्टोव्ह घेतला की हीटिंगचं बिल निम्मं होतं, आणि ती एक ओळ वाचून इथली दोन-तीन मंडळी लगेच जुना स्टोव्ह शोधायला लागली म्हणून हे पत्र. मी अमेरिकेत व्हर्माँटला राहते, मूळची साताऱ्याची. आमच्या घरात जुनाच स्टोव्ह आहे आणि मस्त चालतो, त्यामुळे जुना घेऊ नका असं मी म्हणणार नाही. पण चालू असलेला बघितल्याशिवाय घेऊ नका, एवढंच म्हणणं आहे.

लेख वाचून काहींना वाटलं की ही लाकडाची शेगडीच, त्यात बिघडण्यासारखं काय असणार? तसं नाहीये हो. ही मशीन आहे. पेलेट म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या बोटाएवढ्या जाड पण नसलेल्या गोळ्या (साधारण 6 मिमी), त्या वरच्या हॉपरमध्ये ओतायच्या, गिरणीत दळण ओततात तसं, आणि खाली एक स्क्रूसारखा दांडा, ऑगर म्हणतात त्याला, तो मोटरवर फिरून थोड्या थोड्या गोळ्या बर्न पॉटमध्ये, म्हणजे जिथे त्या जळतात त्या भांड्यात, टाकतो. इग्नायटर त्या पेटवतो, एक पंखा धूर बाहेर ओढतो, दुसरा गरम हवा खोलीत सोडतो आणि या सगळ्यावर एक कंट्रोल बोर्ड. म्हणजे लोखंडी पेटी पंचवीस वर्षं टिकेल पण आतल्या मोटरी, पंखे, बोर्ड टिकतीलच असं नाही. बोर्ड गेला तर कधी कधी दोन-तीनशे डॉलर सहज जातात, धुराचा पंखा गेला तरी तेवढ्याच्या आसपास, आणि तुम्ही जुना स्टोव्ह घेतलेला असतो पाचशेला!

विकणाऱ्याचं ठरलेलं वाक्य असतं, "काढला तेव्हा चालू होता." असेलही. पण गॅरेजमध्ये दोन वर्षं पडून असलेला आणि धुराड्याला न जोडलेला स्टोव्ह तुम्हाला पेटवून दाखवता येत नाही, म्हणून शक्यतो अजून भिंतीला लागलेला आहे तोवरच बघायला जा. काही जण हीट पंप (विजेवर घर गरम करणारं यंत्र) बसवला म्हणून काढतात, काही घर विकतायत म्हणून, ते स्टोव्ह बहुतेक वेळा चांगले निघतात. एप्रिल-मे मध्ये गेलात तर भाव पण बरा मिळतो, ऑक्टोबरात सगळ्यांनाच हवा असतो.

गेल्यावर सांगायचं की थंड स्टोव्ह आमच्यासमोर चालू करा, आधीच पेटवून ठेवलेला नको कारण मग इग्नायटर कळत नाही. कान देऊन ऐका. ऑगरची मोटर अधूनमधून हलकी घरघरते आणि गोळ्या टपटप पडतात, ते ठीक. कुईं कुईं असा आवाज आला तर बहुतेक पंख्याचं बेअरिंग गेलंय. पाच-दहा मिनिटांत जाळ धरला पाहिजे आणि तो पिवळाधमक आणि चपळ हवा, वरती काळी शेंडी असलेला सुस्त केशरी जाळ म्हणजे हवा कमी पडतेय, राख तुंबलीय किंवा दाराचं गास्केट (दार हवाबंद ठेवणारी कडेची पट्टी) गेलंय. गास्केटसाठी एक सोपी युक्ती, स्टोव्ह गार असताना दारात कागदी नोट अडकवून दार लावा आणि ओढा, सहज सुटून आली तर गास्केट बदलायचं, ते काही महाग नसतं. पण आतले पत्रे काढून मागे बघाच. तिथे राखेचे दगड झालेले आणि गंज धरलेला दिसला तर उन्हाळ्यात कधी साफ केलेलाच नाही असं समजा, राख ओल धरते आणि लोखंड खाते. असा स्टोव्ह फुकट दिला तरी मी घेणार नाही. इथे बरेचदा बाहेरून काच पुसून चकचकीत करून ठेवतात, आपल्याकडे सेकंडहँड गाडीला पॉलिश मारतात तोच प्रकार, त्याला भुलू नका.

मागे किंवा हॉपरच्या झाकणाखाली एक प्लेट असते, मॉडेल, सिरियल नंबर, भिंतीपासून किती अंतर हवं ते सगळं त्यावर असतं. तिचा फोटो काढा आणि पैसे द्यायच्या आधी एखाद्या स्टोव्हच्या दुकानात फोन करून विचारा की याचे पार्ट मिळतात का. कंपनीच बंद पडलेली असली की बोर्ड मिळत नाही आणि मग दोनशे किलोच्या आसपासचं धूड बेसमेंटमध्ये बसून राहतं. (हो, वजन एवढं असू शकतं, दोघांनी उचलायच्या फंदात पडू नका.) प्लेट खरवडलेली असेल तर सरळ नमस्कार करून निघायचं. राज्याचा नियम पण बघा, ओरेगॉन आणि वॉशिंग्टनमध्ये धुराच्या मानकांनुसार सर्टिफाइड नसलेला लाकडाचा स्टोव्ह विकताच येत नाही. आमच्याकडे तेवढं कडक नाही पण घराच्या इन्शुरन्सवाल्याला न सांगता बसवलात आणि उद्या काही झालं तर क्लेमच्या वेळी तो हात वर करू शकतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्या मुलामुलींनी तर हा विषयच सोडून द्यावा, तिथे एक चांगला जाड स्वेटर बरा.

विकणारा 'पाईप पण घेऊन जा, फ्री' म्हणतो तो पाईप घेऊ नका. पेलेट स्टोव्हला दुहेरी भिंतीचा (डबल वॉल) स्वतःचा वेगळा वेंट, म्हणजे धुराचा पाईप, लागतो, 3 किंवा 4 इंची, आणि जुन्याचे जोड सुटलेले असतात. एका ओळखीच्यांनी कपडे वाळवायच्या मशीनचा पातळ पाईप लावायचं ठरवलं होतं, बघून माझ्या पोटात गोळा आला. धूर आत राहिला तर त्यातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात साठतो, त्याला ना वास ना रंग, झोपेतल्या माणसाला कळतही नाही. तेव्हा या वायूचा डिटेक्टर लावल्याशिवाय स्टोव्ह पेटवायचाच नाही, यात काटकसर नको.

आता लेखातलं बिल निम्मं. एक टन पेलेट म्हणजे 40 पौंडाच्या 50 पिशव्या, आणि त्यातून साधारण 120 गॅलन हीटिंग ऑइलएवढी उष्णता मिळते. तेल साडेतीन डॉलर गॅलन असेल तर ते झाले 420, टन तुम्हाला 350 ला पडला तर वाचले 70. निम्मं कुठून आलं? तेलाचा भाव भडकला की फरक वाढतो हे खरं, पण ज्यांच्या घरी पाईपने नॅचरल गॅस येतो त्यांचं बिल तर उलट वाढेल. आमची बचत होते ती दुसऱ्या कारणाने, आम्ही बसतो उठतो ती एकच खोली गरम ठेवतो आणि बाकी घराचा थर्मोस्टॅट खाली. त्यात रोजची राख काढणं, कडाक्याच्या दिवसांत रोज जवळजवळ एक पिशवी उचलून ओतणं, आणि सगळा माल कोरड्यात ठेवणं, ओल लागली की गोळ्यांचा परत भुसा होतो आणि ऑगर अडकतो. बार्बेक्यूचे पेलेट स्वस्त मिळाले म्हणून टाकू नका. आणि आपल्याकडे कारखान्यांत, वीज केंद्रांत जाळायला शेतकचऱ्याचे जे पेलेट निघतात ते वेगळे, पेंढ्याच्या मालाला राख इतकी जास्त असते की घरगुती स्टोव्हचा बर्न पॉट बघता बघता भरेल. लेखात दोन्ही एकाच वाक्यात आलेत.

सरकारी सवलतीबद्दल पण लिहा. अमेरिकेत 30 टक्के टॅक्स क्रेडिट (भरायच्या करातून थेट वजावट), जास्तीत जास्त 2000 डॉलर, होतं ते फक्त नव्या आणि ठरावीक कार्यक्षमतेच्या स्टोव्हला, जुन्याला कधीच नव्हतं, आणि 2025 संपताना ते नव्यालाही संपलं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट जी लेखात आलीच नाही, वीज गेली की हा स्टोव्ह बंद. आमच्याकडे बर्फाच्या वादळात तारा तुटतात आणि नेमकी तेव्हाच घर गरम हवं असतं. लोडशेडिंग बघितलेल्या माणसाला हे सुचायला हवं होतं खरं तर! चालू असताना साधारण शंभर वॅटच्या आसपास लागतात, इग्नायटरला पेटताना तीन-चारशे, म्हणजे बॅटरी आणि इन्व्हर्टरवर काही तास निघतात पण इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखी स्वच्छ वीज देणारा) घ्या, स्वस्तातल्यावर काही बोर्ड नीट चालत नाहीत. वीज अचानक गेली तर धुराचा पंखा थांबतो आणि थोडा धूर घरात येऊ शकतो, डिटेक्टर बॅटरीवर चालणारा हवा तो त्यासाठीच.

जमलं तर निदान विजेचं आणि डिटेक्टरचं तेवढं छापा, बाकी जागेप्रमाणे कापलंत तरी चालेल. नाव छापू नका, नाहीतर ग्रुपवरचे सगळे मलाच स्टोव्ह बघायला घेऊन जातील.

आपली,
एक वाचक, व्हर्माँट