सूचना : गावाकडच्या भाताचा आणि आंब्याचा विमा

सर्व सभासदांना नमस्कार. लालबागच्या खोलीवर रविवारी संध्याकाळी पीक विम्याबद्दल बसायचे आहे. ज्यांची शेती गावी चुलते-भाऊ करतात, त्यांनी जरूर यावे.

'एक रुपयात विमा' २०२५ च्या खरिपापासून बंद झाला, हे अजून बऱ्याच जणांना ठाऊक नाही. आता विमा संरक्षित रकमेच्या (म्हणजे जास्तीत जास्त जेवढी भरपाई मिळू शकते तिच्या) खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत हप्ता आपण भरायचा.

भातावर करपा रोग पडला किंवा तुडतुडे ही कीड आली की "विमा आहे ना" म्हणून निवांत राहू नका. भरपाई एकट्याच्या खाचराकडे बघून मिळत नाही. महसूल मंडळात (म्हणजे काही गावांच्या गटात) पीक कापणी प्रयोग होतात, म्हणजे निवडक शेतांतले पीक कापून उत्पन्न मोजतात. तिथले सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाखाली (आधीच्या वर्षांवरून ठरवलेल्या पातळीखाली) गेले तरच पैसे येतात. तुमचेच शेत करपले आणि शेजारपाजार तरला, तर हाती काही नाही. फवारणीचा खर्च वाचवायला विमा नाही, हे स्पष्टच सांगतो.

आंबा-काजूची योजना वेगळी, हवामानावर आधारित. तिथे अवकाळी पाऊस, तापमान यांच्या केंद्रावरील नोंदी बघतात. मोहोरावरचे थ्रिप्स (फुलकिडे) कुणी मोजत नाही.

येताना सातबारा, आधार, पासबुक आणि फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) आणा. ई-पीक पाहणी (मोबाइलवरून होणारी पिकाची नोंद) झाली का, ते गावी फोन करून आधी विचारा. जमीन दुसऱ्याला कसायला दिली असेल, तर विम्यासाठी त्याच्याकडे नोंदणीकृत भाडेकरार लागतो. तोंडी बोलणे चालत नाही.

– चिटणीस