कॅज्युअल्टीतल्या सिस्टरना

प्रिय सिस्टर,
स. न. वि. वि.

नाव मुद्दाम लिहीत नाही, तुम्ही संकोचाल. पण हे पत्र तुमच्यासाठीच आहे, हे तुम्हाला कळेल.

त्या रात्री मी पोटदुखीने दुमडलो होतो. आधी एका दवाखान्यात जाऊन आलो होतो. तिथे कागदावर 'स्किझोफ्रेनिया' दिसला आणि डॉक्टर माझ्याशी बोलायचं सोडून दादाशी बोलू लागले. "गोळ्या वेळेवर घेतो ना? झोपतो का नीट?" पोटाला हात कोणी लावलाच नाही. आमच्यासारख्यांना याची सवय असते. छातीत दुखलं तरी टेन्शन, चक्कर आली तरी टेन्शन!

तुम्ही मात्र दादाला हाताने थांबवून मला विचारलंत. मी स्किझोफ्रेनियासाठी घेतो त्या औषधाचं नाव, क्लोझापिन, सांगितलं, तशी लगेच म्हणालात, "शौचाला शेवटचं कधी झालं होतं?" या औषधाने आतड्यांची हालचाल मंदावते, बद्धकोष्ठ वाढत गेलं तर आतडं अडतं, जिवावरही बेततं. पांढऱ्या पेशींसाठी रक्त तपासायचं हे मला पाठ होतं. पोटाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. तुम्ही डॉक्टरांना बोलावून आणलंत, एक्स-रे झाला, वेळेवर उपचार मिळाले आणि ऑपरेशन टळलं.

सिगारेटचं विचारलंत तेव्हा वाटलं, झालं, आता प्रवचन. पण तुम्ही म्हणालात, ती एकदम बंद झाली की क्लोझापिनचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं, म्हणून डोसकडे लक्ष ठेवायला डॉक्टरांना सांगते. कारण सांगून प्रश्न विचारणारं माणूस मला दवाखान्यात क्वचितच भेटलंय.

गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातले बरेच मृत्यू हृदयविकारासारख्या शारीरिक आणि टाळता येण्याजोग्या आजारांनी होतात. वजन, साखर, रक्तदाब बघायला असा किती वेळ लागतो? पण मानसोपचारवाले म्हणतात ते फिजिशियनचं काम, फिजिशियन म्हणतात तिकडेच दाखवा.

आता माझ्या चिठ्ठीत पोट साफ राहण्याचं औषधही असतं, आणि दादा तपासणीच्या खोलीबाहेर बसतो. मी आत बोलावलं तरच येतो.

या पत्राची प्रत तुमच्या मेट्रनना देत आहे. तुमच्या कामाची लेखी नोंद व्हावी, ही विनंती त्यात वेगळी केली आहे.

आपला,
त्या रात्रीचा पेशंट