डोळे वटारून काय उपयोग?

मा. संपादक,
सून रडतेय आणि सासरे निवांत तांबडा रस्सा ओरपतायत. घरचे म्हणतात, 'म्हातारा निगरगट्ट झाला!' कपाळ-कानशिलामागचा मेंदू झिजवणाऱ्या फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया या स्मृतिभ्रंशात समोरच्याच्या चेहऱ्यावरच्या भावना न ओळखता येणे विसरभोळेपणाच्याही आधी दिसू शकते. सुरुवात बहुधा ४५ ते ६५ वयात. हसू ओळखता येते. राग, भीती, किळस, दुःख निसटते. अल्झायमरमध्ये ही अडचण सहसा उशिरा येते. पार्किन्सनमध्ये दुहेरी गोची: समोरच्याचा चेहरा वाचता येत नाही, स्वतःचाही थिजलेला.
आधी चष्मा, मोतीबिंदू तपासून घ्या. मग उजेडात, समोर बसून, एका वाक्यात तोंडानेच सांगा: 'आबा, मला वाईट वाटतंय.' न्यूरॉलॉजिस्ट गाठा. मात्र सुरुवातीच्या एमआरआयमध्ये काही दिसेलच असे नाही.
— स्मृतिभ्रंश रुग्णांसोबत काम करणारे, राजारामपुरी, कोल्हापूर