थांबता येईल असं काम

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

कातायला टकळी आणि विणायला सुया, दोन्ही हाती घेतल्यास, आणि आता दोन्हीला वेळ पुरत नाही अशी तुझी तक्रार. दोन तास सलग मोकळे मिळाले की बसू, असं म्हणत राहिलीस तर टोपी सुईवरच म्हातारी होईल. मिळतात ती दहा-पंधरा मिनिटं, आणि तीही मध्येच कुणीतरी हाक मारतं. त्यामुळे काम निवडताना ते दिसायला कसं होईल हे नंतर बघ. आधी बघ, ते मध्येच सोडता येतं का.

पहिला हिशेब टाक्यांचा. साध्या टोपीला १०० टाके आणि ६० ओळी धर, म्हणजे ६००० टाके. मिनिटाला २५ टाके पडत असतील तर २४० मिनिटं. रोज १५ मिनिटं दिलीस तर १६ दिवस. हात अजून सावकाश असेल, मिनिटाला १५ टाके पडत असतील, तर साधारण २७ दिवस. घड्याळ लावून एकदा मोजून घे, अंदाजावर जाऊ नकोस. आता मफलर बघ: ४० टाके आणि ४०० ओळी, म्हणजे १६,००० टाके, टोपीच्या अडीचपटीहून जास्त. सोपा म्हणून सगळे पहिल्यांदा मफलर घेतात आणि तोच निम्म्यावर पडून राहतो. सोपं आणि लवकर होणारं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा हिशेब लक्षाचा. गोल सुईवरचं, म्हणजे दोन टोकं मधल्या वायरनं जोडलेल्या सुईवरचं, नुसतं सुलट विणकाम बोलता-बोलता, वाट पाहता-पाहता होतं. जाळीची नक्षी, मोज्याची टाच, टोपीच्या माथ्यावर टाके कमी करणं, सुरुवातीचे टाके सुईवर घालणं, यांना डोळे आणि डोकं दोन्ही लागतं. म्हणून पिशवीत फिरतं काम एकच ठेव, तेही बिनडोक्याचं. मोजायचं काम घरीच राहू दे. फिरत्या कामाचा सुरुवातीचा अवघड भाग, म्हणजे टाके घालणं, गोल जोडणं आणि बॉर्डरच्या दोन-तीन ओळी, घरी उजेडात उरकून मगच ते पिशवीत टाक. गोल जोडताना टाक्यांची माळ सुईभोवती पिळली गेली तर ती चूक पुढे दुरुस्त होत नाही, सगळं उसवावं लागतं. आणि हे बाहेर धक्क्यात हमखास होतं.

मध्येच उठायचं झालं तर गोल सुईवर काही बिघडत नाही. टाके टोकांवरून मधल्या वायरवर सरकव, म्हणजे गळणार नाहीत. दोन सुयांवर विणत असशील तर ओळ पुरी करूनच ठेव. अगदीच ओळ अर्धी राहिली तर एक खूण लक्षात ठेव: ज्या सुईवरच्या शेवटच्या टाक्यातून धागा गुंड्याकडे जातो ती सुई उजव्या हातात. उलटं धरलंस तर आल्या वाटेनं परत विणत जाशील. मग त्या जागी भोक पडतं आणि एका बाजूला दोन ओळी जास्त होतात. विणलेलं तिरकं का झालं, हे लोक दहा ओळींनंतर शोधत बसतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

ओळी मोजायला स्मरणशक्तीवर विसंबू नकोस. दर दहाव्या ओळीला एका टाक्यात सेफ्टी पिन अडकव. कागदावर लिहायचंच तर पुरी झालेली ओळ लिही, पुढची नको. दोन्ही पद्धती मिसळल्या की एका ओळीचा घोळ होतोच. नक्षीचं काम असेल तर दर नक्षी संपली की वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा जाड सुईनं सगळ्या टाक्यांतून ओवून ठेव. पुढे चुकलं तर उसवणं त्या दोऱ्यापाशी थांबतं. एखादाच टाका गळला असेल तर क्रोशाच्या सुईनं खालपासून एकेक आडवा धागा उचलत वर आण. त्यासाठी काही उसवायचं नाही.

आता कातणं. खरी गोम इथे आहे. लोंबती टकळी चालताना, उभ्यानं छान चालते, पण हाक आली की घात होतो. फिरणं मंदावून टकळी उलट फिरू लागली की भरलेला पीळ निघतो, तंतू सुटतात आणि टकळी खाली आपटते. म्हणून तुकड्या-तुकड्यानं कातायचं असेल तर बसून कात. टकळी फिरव, धाग्यात पीळ भरला की ती दोन गुडघ्यांत धर. मग दोन्ही हात मोकळे; तंतू हळूहळू ओढ आणि चिमटीतला पीळ त्यांत सरकू दे. वेग कमी पडतो, मान्य. पण कुठल्याही क्षणी सोडता येतं आणि काही पडत नाही. उठताना धागा दांडीवर गुंडाळ, वर अर्धी गाठ मार.

तंतू ओढलेच जात नसतील तर जोर लावू नकोस, हातांतलं अंतर बघ. पेळूच्या, म्हणजे पिंजलेल्या लोकरीच्या वळीच्या, टोकातून एक झुपका ओढून काढ आणि मोज. तो ८ सेंटिमीटर निघाला तर दोन चिमट्यांत १० सेंटिमीटर तरी अंतर हवं. त्याहून जवळ धरलंस तर एकाच तंतूची दोन्ही टोकं तुझ्याच हातांत असतात. तो सरकणार कसा? नवशिके इथेच जास्त ओढतात आणि मनगटं धरून बसतात. कापसाचे तंतू बरेच आखूड, साधारण दोन-तीन सेंटिमीटर. त्याला पीळ जास्त लागतो आणि टकळीचं वजन सोसत नाही, म्हणून कापूस वाटीत टेकवलेल्या हलक्या टकळीवर कातायचा. लोकरीला सुरुवातीस ३० ते ४० ग्रॅमची टकळी बरी. कातलेला धागा चढत जातो तशी ती जड होते, आणि बारीक धागा मग विनाकारण तुटू लागतो. तेव्हा हाताला दोष देऊ नकोस, टकळी रिकामी कर.

तुटलं तर गाठ मारायची नाही. दोन्ही टोकं पिंजून मोकळी कर, पाच-सहा सेंटिमीटर एकावर एक ठेव आणि पीळ जाऊ दे.

एकाच धाग्याचं कातण तीन आठवडे चाललं की जाडी बदलते. हात सरावतो, धागा बारीक होत जातो, कुणाचाही होतो. उपाय पुठ्ठ्याचा. पहिल्या दिवशी मनासारखा जमलेला धागा वीतभर घेऊन पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेव. शेजारी दुसरा तुकडा: ताजा धागा मधोमध दुमडून सोडलास की तो स्वतःभोवती वळून दुपदरी होतो, तो तसाच बांधून ठेव. रोज बसताना पहिला हातभर धागा या पुठ्ठ्याशी ताडून बघ. टकळी कोणत्या दिशेनं फिरवायची त्याचा बाणही तिथेच काढ. आठवड्यानं परत हातात घेतल्यावर उलट फिरवलीस तर कातलेलं सगळं उकलत जाईल.

हा दुमडलेला नमुना पदर जोडतानाही, म्हणजे दोन धागे एकत्र पिळून दुपदरी करतानाही, लागतो. आठवडाभर गुंडाळून ठेवलेला एकपदरी धागा मलूल दिसतो, दुमडला तरी वळत नाही. पीळ गेलेला नसतो, बसलेला असतो. डोळ्यांवर विश्वास ठेवून कमी पीळ देऊन दुपदरी केलंस तर धुतल्यावर तो जागा होतो आणि लड, म्हणजे धाग्याची गुंडाळी, वेड्यावाकड्या गाठी घेते. तेव्हा समोरच्या धाग्याकडे बघू नकोस, पुठ्ठ्याकडे बघ. दिशा मात्र कातण्याच्या उलट. आणि दोन पदर घेताना एक सुरुवातीच्या कातणातला, एक शेवटच्या कातणातला घे, म्हणजे जाड-बारीक एकमेकांत जिरतं.

या एका कामाला मात्र सलग वेळ काढ. पदर जोडताना मध्येच उठलं की दोन धागे ढिले पडून गुंततात, आणि परत बसल्यावर पिळाचं माप बदलतं. सुटीची एक सकाळ त्यासाठी ठेव.

किती कातायचं? त्या टोपीला दुपदरी धागा साधारण १५० मीटर. म्हणजे एकपदरी ३०० मीटर. पिळात आणि तुटण्यात काही जातो, म्हणून ३४० धर. लोकर ८० ग्रॅम घे आणि १०-१० ग्रॅमचे आठ भाग वेगळे बांधून ठेव. एक भाग संपला की त्या दिवसाचं काम संपलं. पुढचा भाग उघडायचा मोह आवर, कारण थकल्या हातानं कातलेला धागा दुसऱ्या दिवशी लगेच ओळखू येतो.

लड खुर्चीच्या पाठीवर गुंडाळ, चार ठिकाणी सैल बांध, कोमट पाण्यात १५-२० मिनिटं बुडव. चोळायचं नाही, वरून धार सोडायची नाही, गरमातून गारात टाकायचं नाही. लोकरीच्या तंतूवर खवले असतात, ते अशानं एकमेकांत अडकतात आणि लड घोंगडीसारखी घट्ट होते. टॉवेलात दाबून पाणी काढ आणि टांग. खाली वजन लावू नकोस. ताणून वाळवलेला धागा लांब दिसतो खरा, पण विणून झाल्यावर पहिल्याच धुण्यात आखडतो.

नमुन्याचा चौकोन टाळू नकोस, एवढं ऐक. १५ सेंटिमीटरचा विण, धू, वाळव, आणि मधल्या १० सेंटिमीटरमध्ये टाके मोज. २० यायला हवेत तिथे २२ आले तर १०० टाक्यांची टोपी ५० ऐवजी साडेपंचेचाळीस सेंटिमीटर होईल आणि ठरवल्यापेक्षा घट्ट बसेल. जास्त आले तर सुई एका नंबरनं जाड घे, कमी आले तर बारीक. हात आवळून विणून चौकोन बरोबर आणू नकोस. तसा हात ६००० टाके टिकत नाही.

वीस मिनिटांनी सुया खाली ठेवून बोटं सैल सोड, अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर त्या दिवशी पुरे.

लड वाळायला एक दिवस तरी जाईल. तेवढ्यात पुठ्ठ्यावर तारीख, लोकरीचं वजन आणि वापरलेल्या टकळीचं वजन लिहून ठेव. पुढच्या वेळी तोच धागा हवा असेल तर कामी येईल.

तुझी,
आई